आबांचं पाण्यावरचं वावर

काश्मीरला जायचं तर चैत्रात जावं की आषाढात, हा प्रश्न मला अमरावतीत हल्ली आठवड्याला एकदा तरी कोणी विचारतं. परवा कोर्टाच्या आवारात एका वकिलांनी थांबवलं. काल न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेली असताना शेजारच्या खुर्चीतून विचारणा झाली. मी पडलो शाळामास्तर. उत्तर ठाऊक असो नसो, द्यायची सवय आहे. मी सांगतो, चैत्रात थंडी असते, पाऊस केव्हाही येतो, पण बदाम फुललेला असतो आणि डोंगर बर्फानं भरलेले असतात. आषाढात हवा उबदार, तळ्यात कमळं, मळे भाजीनं लगडलेले. ऐकणारा समाधानानं जातो. मी मात्र त्याला अर्धंच सांगितलेलं असतं, आणि उरलेलं अर्ध्या दाढीनं सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहायला बसलो आहे.

वलगावला पेढी नदीच्या काठी आमचा मळा आहे. वांगी, मेथी, काकडी, शिवाय अमरावतीच्या देवळांना लागणारी शेवंती आणि झेंडू. माझे वडील किसन, त्यांना सगळं गाव आबा म्हणतं. मी लहान असताना एका श्रावणात एक काश्मिरी शालवाला आमच्या मळ्यातल्या खोपीत पावसानं अडकून पडला. तीन दिवस आबांनी त्याला भाकरी आणि वांग्याची भाजी खाऊ घातली. जाताना त्यानं सांगितलं की आमच्याकडे तळ्यावर वावरं, म्हणजे शेतं, तरंगतात. माणसं ती बांधून ठेवतात, हवी तिकडे ओढून नेतात आणि चोर ती पळवूनही नेतात.

आबांनी ही गोष्ट त्याच संध्याकाळी पारावर सांगितली. तुळशीराम काका हे आबांचे जिवलग मित्र, आणि म्हणूनच सगळ्यांत आधी तेच हसले. "किसना, त्यानं तुयी भाकर खाल्ली अन् तुले थाप देल्ली. आता तूबी आमाले भाकर देजो, मंग आमी हे गोष्ट ऐकू!" त्या दिवसापासून आमच्या गावात थापेला 'आबाचं वावर' म्हणायची चाल पडली. पुढल्या वर्षी गावात पक्की सडक येणार असं कोणी म्हटलं की दुसरा म्हणे, "हे आबाचं वावर हाय." पोरं परीक्षेत पास झाल्याचं खोटंच सांगत, तेव्हाही तेच. लपवत नाही, मीसुद्धा म्हणत असे, अगदी मास्तर झाल्यावरही. आबा ऐकत आणि वाफ्यात वाकून काम करत राहत. तीस वर्षं त्यांनी आपली गोष्ट बदलली नाही आणि कोणाशी भांडणही केलं नाही.

आबांचा उजवा डोळा लहानपणीच बाभळीच्या काट्यानं गेला होता. मागल्या दिवाळीनंतर डावाही बिघडला. बाजूची माणसं दिसेनात, उंबरा पायाला लागू लागला. अमरावतीच्या डॉक्टरांनी तपासलं, आबांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मला एकट्याला आत बोलावलं. काचबिंदू आहे, यावर औषध नाही, कडेकडेनं उजेड आटत जाईल, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, पोळ्यापर्यंत राहिला तरी नशीब समजा. बाहेर आलो तर आबा बाकावर बसून चष्म्याची सुतळी नीट करत होते. चष्मा नागपूरहून आणलेला, जाड काचांचा. त्याची एक दांडी मोडल्यामुळे तो कानाला सुतळीनं बांधलेला असे.

त्याच आठवड्यात मी श्रीनगरच्या नावाड्यांच्या एका मुकादमाला पत्र लिहिलं. उत्तर आलं की डोंगा तयार ठेवतो, पण साहेब लोक आषाढात येतात. चैत्रात तरंगते मळे रिकामे असतात, बघण्याजोगं काही नसतं. मी पत्र घरी वाचून दाखवलं आणि फसलो. शेवटचं वाक्य गाळायला हवं होतं.

"मंग आषाढातच जाऊ," आबा म्हणाले. "रिकामं वावर पाहून काय करू? तुळशीराम म्हनन, पान्यावर गवत तं आपल्या पेढीतबी असते. त्याच्यावर पीक उभं पाह्यजे."

माझी बायको सरस्वती चुलीपुढून माझ्याकडे बघत होती. डॉक्टरांचं बोलणं तिला एकटीलाच ठाऊक होतं. मी म्हणालो, "आषाढात रजा भेटत नाही आबा. नागपूरहून शाळाखात्याचा हुकूमच आला हाय."

हुकूम वगैरे काही आला नव्हता. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडल्यापासून आमच्या रजेचे कागद नागपूरपर्यंत जाऊन येतात हे गावात सगळ्यांना माहीत, त्यामुळे थाप पचली. आबांनी पाडव्यापर्यंतचे दिवस बोटांवर मोजले. मग म्हणाले, "सरकारचा हुकूम हाय तं चैत्रात जाऊ." पाडव्याची गुढी उतरवून दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बडनेऱ्याला गाडीत बसलो. बरोबर जवारीचं पीठ, मिरचीचा ठेचा, सांडगे, आणि आबांच्या धोतराच्या सोग्यात गाठ मारलेलं काहीतरी होतं, जे ते कोणाला दाखवत नव्हते.

बारामुल्ला

रावळपिंडीपर्यंतची आगगाडी आणि पुढचे दोन दिवस मोटारीचा घाट यांचं वर्णन मी करत नाही. सरस्वतीनं त्या घाटात जे सोसलं ते तिनंच सांगावं, आणि ती सांगत नाही. बारामुल्ल्याला झेलमच्या काठी डोंगा उभा होता. डोंगा म्हणजे लांबलचक, सपाट बुडाची नाव. वर चटयांचं छप्पर, बाजूला चटयांचे पडदे, आणि मागल्या टोकाला नावाड्याचा संसार. आमचा नावाडी सुभाना, पन्नाशीचा, बोलका आणि जरा फुशारकी मारणारा. त्याची बायको खतीजा अजिबात न बोलणारी, पण नाव चालायची ती तिच्यामुळेच. प्रवाहाविरुद्ध जाताना ती खांद्याला दोर लावून काठानं नाव ओढी आणि सुभाना मागे उभा राहून तिला कसं ओढावं ते सांगे. सरस्वती मला म्हणाली, "इथंबी तसंच हाय म्हना." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

पहिल्याच संध्याकाळी थंडीनं आमची गाळण उडवली. चैत्रात घामानं भिजणारी आम्ही माणसं, आणि इथे श्वासाची वाफ दिसत होती. सुभानानं आबांना एक कांगडी दिली. वेताच्या टोपलीत मातीचं भांडं, त्यात निखारे, आणि ती टोपली अंगरख्याच्या आत पोटाशी धरून बसायचं. आबांना ही युक्ती फार आवडली. घरी गेल्यावर पौषात शेवंतीला पाणी देताना अशी करून घेईन असा बेत करता करता त्यांना डुलकी लागली आणि धोतराला हातभर भोक पडलं. सरस्वतीनं लोटाभर पाणी ओतून ते विझवलं. आबांनी आधी सोग्याची गाठ चाचपून पाहिली, मग मांडी.

खतीजाचा चहा गुलाबी रंगाचा आणि खारट. मी एक घोट घेऊन हळूच नदीत ओतला. आबांनी मात्र शांतपणे पेला संपवला. "हा चहा नोहे," ते म्हणाले. "चहा म्हून पेशीन तं वाईट हाय, कढी म्हून पे, लय चांगली हाय." आणि त्यांनी आणखी मागितली. सरस्वतीनं डोंग्यातल्या मातीच्या चुलीवर भाकरी थापल्या तेव्हा खतीजा बाजूला उकिडवी बसून बघत राहिली. तिनं एक भाकरी हातात घेऊन उलटसुलट केली, ठेच्याला लावली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. त्या दोघींना एकमेकींची भाषा शेवटपर्यंत आली नाही. गप्पा मात्र रोज चालत.

वुलर

तिसऱ्या दिवशी सोपूर सोडून आम्ही वुलरमध्ये शिरलो. हे तळं एवढं मोठं आहे की मधोमध गेल्यावर काठ पातळ रेघेसारखा दिसतो. दुपारनंतर वारा सुटला की डोंगे उलटतात म्हणून नावाडी सकाळीच पार होतात. त्या सकाळी पाण्यावर सुरकुती नव्हती. पलीकडे बर्फाचे डोंगर उभे होते आणि तितकेच पाण्यात उलटे. मी उभ्या जन्मात असं काही पाहिलं नव्हतं. आनंदानं मी आबांच्या खांद्याला धरून त्यांचं तोंड तिकडे वळवलं, "पाहा आबा, पाहा!"

आबांनी बराच वेळ पाहिलं. "तिकडं पांढरं पांढरं हाय काही. जिनिंगमंधी कापसाची गंजी लावतेत तसं."

तेवढंच दिसत होतं त्यांना. माझा हात त्यांच्या खांद्यावरच राहिला. मग आबांनीच बोलायला सुरुवात केली. आवाज हळू, सरस्वतीला ऐकू जाणार नाही इतका.

"नामदेव, तो नागपूरचा हुकूम खोटा होता नं?"

मी म्हणालो, "हो."

"मले ठाव होतं. डाक्तरनं तुले आत बलावून सांगतलं. मले काय ह्या डोयानं नाही सांगतलं? रोज सकायी सांगते. आषाढ म्हनलो, कावून का मले पीक पाहाचं होतं. पन मंग म्हनलं, पोरगा म्हनते तं जाऊ. काही नाही दिसन्यापरीस रिकामं वावर दिसलेलं बरं."

मला रडू आलं. चाळिशी उलटलेला मास्तर मी, पण तळ्याच्या मधोमध कोण बघतंय, म्हणून रडून घेतलं. आबांनी कांगडी माझ्याकडे सरकवली. तिच्यात निखारे उरले नव्हते, पण मी ती पोटाशी धरून बसलो.

श्रीनगर

शहरात शिरताना नदीवर लाकडी पूल लागतात आणि दोन्ही काठांवर घरं अशी वाकलेली की आत्ता पाण्यात पडतील. घरांच्या छपरांवर माती घातलेली आणि त्या मातीत गवत आणि फुलं उगवलेली. आबांना ते जवळून दिसलं. छपरावर वाफा करणारे लोक पाहून त्यांचा या मुलखावर जीव जडला.

सुभाना आम्हांला बदामाच्या बागेत घेऊन गेला. पान एक नाही, सगळं झाड फुलांनी पांढरं, मध्ये कुठे गुलाबी झाक. झाडाखाली कुटुंबंच्या कुटुंबं सतरंज्या टाकून बसलेली, मध्ये चहाची भांडी, पोरं, म्हातारी माणसं. आबा एका झाडाच्या इतक्या जवळ गेले की चष्म्याला पाकळ्या चिकटल्या. मग ते मला म्हणाले, "हे लोक फुलं तोडाले कवा लागतीन?"

मी सुभानाला विचारलं. तो म्हणाला, तोडत नाहीत, ही नुसती बघायला आलेली आहेत. आबांचा विश्वास बसेना. "नुसते पाहाले? घरचं काम सोडून?"

जन्मभर फुलं पिकवलेला हा माणूस. पहाटे अंधारात तोडायची, ओल्या फडक्यात बांधायची, देऊळ उघडायच्या आत अमरावतीला पोचवायची. आमच्या घरी फूल उमललं म्हणजे उशीर झाला असा अर्थ होता. आबा त्या दिवशी दुपारभर बदामाखाली बसले. शेजारच्या सतरंजीवरच्या एका म्हातारबांनी त्यांना कुलचा नावाची कडक रोटी दिली, यांनी त्यांना सांडगे दिले. दोघांनाही एकमेकांचं खाणं चावलं नाही आणि दोघांनीही मान डोलावली. उठताना आबा म्हणाले, "आपल्या शेवंतीले मी कवा बसून पाह्यलंच नाही." चैत्र की आषाढ विचारणाऱ्यांना मी बदामाबद्दल सांगतो ते एवढ्यासाठी.

दल

आता तरंगत्या वावराचं सांगतो. दलच्या आतल्या चिंचोळ्या पाण्यात डोंगा जात नाही. सुभानानं आम्हांला त्याच्या छोट्या, हलक्या होडीत, शिकाऱ्यात, बसवलं. आबांनी त्या दिवशी आंघोळ करून धुतलेलं धोतर नेसलं होतं, त्याचं भोक सरस्वतीनं सांधून दिलं होतं. सुभाना शिकाऱ्याच्या पुढच्या टोकावर बसून वल्हवू लागला. अर्ध्या तासानं त्यानं एका हिरव्या-तपकिरी पट्ट्याजवळ शिकारा लावला, किनाऱ्याच्या वाळुंजाच्या झाडाला दोर बांधला आणि म्हणाला, "लो बाबा, खेत."

पट्टा पन्नास-साठ हात लांब, पाच-सहा हात रुंद. पाणवनस्पतींच्या मुळांचा जाड थर, त्यावर गाळाचे ढीग मांडलेले. कोपऱ्यांवर चार खांब तळ्याच्या तळात ठोकून असं वावर जागी ठेवतात. याचे तीन खांब उपटून बाजूला ठेवलेले होते, चौथा तेवढा उभा होता. पीक काही नव्हतं. मुकादमानं पत्रात लिहिलं होतं ते खरंच होतं.

आबांनी शिकाऱ्यातच वहाणा काढल्या. दुसऱ्याच्या मळ्यात पायताण घालून जायचं नाही अशी आमच्याकडे रीत आहे, ती त्यांनी बर्फाच्या पाण्यातही पाळली. मी हात धरून उतरवलं. पाय ठेवताच वावर किंचित दबलं, सगळं अंग हललं आणि पुन्हा वर आलं. आबा तसेच उभे राहिले. मग दुसरा पाय, मग टाच आपटून पाहिली. वाकून मूठभर गाळ उचलला, बोटांत चुरला, वास घेतला.

"वावर हाय," ते म्हणाले. "खरं वावर हाय. भुसभुशीत, अन् ताकदीचं." थोड्या वेळानं म्हणाले, "पन रिकामं हाय. अन् बांधेल हाय. तुळशीराम म्हनन, हालते कुठं?"

मला वाईट वाटलं. एवढ्या लांब येऊन माझ्या बापाला पाण्यावरचा रिकामा उकिरडा दाखवला, असं वाटलं. मी त्यांना म्हणालो, चला, थंडी बाधेल. सुभानानं घाई केली, झाडाचा दोर सोडला. पण आबा शिकाऱ्याच्या मागच्या टोकाशी वाकून काहीतरी करत होते. विचारलं तर म्हणाले, "काही नाही."

परत निघालो. शिकारा जड चालू लागला. सुभाना पुढे तोंड करून वल्हवत होता, दहा वल्ह्यांत त्याला धाप लागली. "घास फँस गया, साब," तो म्हणाला आणि गवताला शिव्या देत राहिला. मीही एक वल्हं घेतलं. वारा समोरून, पाऊस भुरभुरू लागलेला, सरस्वती शालीत तोंड गुंडाळून बसलेली. आबा मात्र मागे तोंड करून, चष्मा दोन्ही हातांनी धरून बघत होते.

"नामदेव, वावर चालून राह्यलं."

मी वल्हवता वल्हवता म्हणालो, "हो आबा."

"अरे, पाह्य तं खरं. आपल्या मांगं येऊन राह्यलं."

"आबा, आपण चालून राह्यलो. वावर जागीच हाय. गाडीत बसलं का झाडं पळतेत, तसं वाटते."

हे मी शाळेतल्या पोरांना सांगतो त्या आवाजात सांगितलं. मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. आबांनी वाद घातला नाही. तीस वर्षं पारावर घातला नाही तसाच.

एवढ्यात मागून आरडाओरडा ऐकू आला. एक उंच माणूस छोट्या होडीतून वेड्यासारखा वल्हवत येत होता, "चोर! चोर! मेरा खेत!" मी वळून पाहिलं. आमच्या मागे दहा हातांवर, खांबासकट, गाळाच्या ढिगांसकट, ते सगळं वावर डुलत डुलत येत होतं. आणि आबा हसत होते. तसं हसणं मी त्यांच्या तोंडावर आईच्या माघारी पाहिलं नव्हतं.

झालं होतं असं. माळ्याच्या कमरेला दोर असतोच, आबांच्याही होता. आपण वर उभे असताना वावर वाहून गेलं तर काय घ्या, म्हणून त्यांनी उतरल्यावर, आमचं लक्ष नसताना, वावराचा उरलेला खांब शिकाऱ्याच्या मागच्या कडीला बांधून टाकला होता. गाठ बैलाला दाव्याला बांधतात ती, ओढेल तशी घट्ट होणारी. निघताना सोडायला वाकले, पण गाठ ओल्या दोरात दिसली नाही आणि बोटं थंडीनं आखडलेली. सांगायची लाज वाटली. अजीजनं, म्हणजे त्या मालकानं, त्याच दिवशी वावर दुसरीकडे न्यायचं म्हणून तीन खांब आधीच उपटले होते आणि चौथाही तळातून ढिला करून ठेवला होता. चैत्रातच ही हलवाहलव चालते, हे सुभानानं आम्हांला नंतर सांगितलं. आषाढात गेलो असतो तर चारही खांब पक्के ठोकलेले असते आणि ते वावर काकड्यांखाली एक बोटही हललं नसतं.

अजीज संतापलेला होता. वावर चोरणं हा तिकडे मोठा गुन्हा. सुभाना ओरडत होता, मी माझं शाळेतलं हिंदुस्थानी झाडत होतो, सरस्वती मला मागे ओढत होती. आबा उठून उभे राहिले, हात जोडले आणि आपल्या वऱ्हाडीत म्हणाले, "भाऊ, चोरी केली. खरी बात हाय. पन मी माळी हाय, तुह्या जातकुळीचाच. तीस वर्षं हे वावर पाहाची आस होती. मले डोयानं दिसत नाही. गाठ सुटली नाही."

अजीजला यातलं किती कळलं देव जाणे. त्यानं आबांचे अनवाणी, निळे पडलेले पाय पाहिले. मग तो गाठीवर वाकला आणि दहा मिनिटं झटून ती त्यालाही सुटेना. शेवटी त्यालाच हसू फुटलं. "ये कैसी गाँठ है बाबा?" आबांनी त्याचा हात धरून, चाचपत, ती गाठ त्याला शिकवली. बसवायची कशी आणि सोडायची कशी. मग धोतराच्या सोग्यातली गाठ सोडली. त्यात आमच्या मळ्यातल्या काकडीचं बी होतं, वलगावपासून जपून आणलेलं. ते त्यांनी सगळंच्या सगळं अजीजच्या ओंजळीत ओतलं.

शिकाऱ्यात मी आबांच्या पायाशी बसलो, शालीनं पाय पुसले आणि म्हणालो, "आबा, चुकलं माझं. तुमी सांगत होते, मी मान वळवली नाही."

"असू दे," आबा म्हणाले. "पाह्यलं नं मंग? चाललं नं?"

वलगाव

आम्ही परत आलो त्या संध्याकाळी पारावर अर्धं गाव जमलं होतं. तुळशीराम काका पुढे बसलेले. त्यांनी आबांना विचारलंच नाही, थेट मला विचारलं. "मास्तर, तुले दोन डोये हायेत. तू सांग. हाय का पान्यावर वावर?"

आबा माझ्याकडे तोंड करून बसले होते, पण जरा चुकलेल्या दिशेला. मी म्हणालो, "काका, वावर हाय, मी पायानं चाललो त्याच्यावर. पन ते चालू लागलं तवाचं मले नका इचारू. मी तोंड फिरवून बसलो होतो, अन् आबाले खोटं पाडत होतो. पयले पाह्यलं ते आबानं. त्याइलेच इचारा."

पारावर कोणी हसलं नाही. काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, आबांच्या शेजारी सरकले आणि म्हणाले, "किसना, सांग बाप्पा. सुरुवातीपासून सांग." आबांनी सांगितलं. चोरीपर्यंत आल्यावर काका इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. हल्ली गावात कोणी 'आबाचं वावर' म्हणत नाही असं नाही. म्हणतात, पण खरी असून पटत नाही अशा गोष्टीला म्हणतात.

मृगाचा पाऊस झाला आणि आबांना वाफ्याची कड दिसेनाशी झाली. आषाढ संपता संपता फक्त उजेड आणि काळोख एवढंच उरलं. त्याच दिवसांत श्रीनगरहून एक पत्र आलं, उर्दूत लिहून घेतलेलं. आमच्या शाळेतल्या मौलवी साहेबांना मी मुद्दाम वलगावला घेऊन गेलो. पारावरच त्यांनी ते वाचलं. अजीजनं लिहिलं होतं, दलमध्ये कमळं फुलली आहेत. तुमच्या बियाण्याचे वेल त्याच वावरावर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आहेत, काकडी आमच्यापेक्षा आखूड आहे पण गोड आहे. खांब चारही ठोकले आहेत आणि वर बाबांची गाठ मारली आहे, त्यामुळे आता ते कोणाला नेता येणार नाही.

आबांनी ते दोनदा वाचायला लावलं. काकडीचं वाक्य तिसऱ्यांदा. मग तुळशीराम काकांना कोपरानं ढोसून म्हणाले, "झालं का नाही? चैत्रबी झाला अन् आषाढबी झाला."

मग त्यांनी कानामागची सुतळी सोडली, चष्मा काढला, धोतरानं दोन्ही काचा स्वच्छ पुसल्या आणि माझ्या हातात दिला.

"ठेवून दे," ते म्हणाले. "याचं काम झालं."